सर आयझॅक न्यूटन : बल, वस्तुमान आणि त्वरण यांचे नाते सांगणारा शास्त्रज्ञ

माध्यमिक शाळेत शिकणारा असा एकही विद्यार्थी नसेल, की ज्याने न्यूटनचे गतीविषयक तीन नियम पाठ केले नाहीत. त्यांतील दुसऱ्या नियमावरून आलेले सूत्र तर फळ्यावर एका ओळीत मावते: बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. परीक्षेत त्यावर उदाहरण येते, किमती घालायच्या, गुणाकार करायचा आणि गुण मिळवायचे. सूत्र पाठ होते, परंतु ते समजते का, हा प्रश्न निराळा आहे. वजन आणि वस्तुमान यांत फरक काय, किंवा एकसारख्या वेगाने सरळ जाणाऱ्या वस्तूवर एकूण बल किती, असे विचारले की चांगले गुण मिळविणारी मुलेही घुटमळतात. त्यांनी वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. ज्याच्या नावाने हे नियम ओळखले जातात, त्या न्यूटनलाही ते एका दिवसात सापडले नव्हते. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीही त्याच्या लेखनात जुन्या कल्पनेचा अंश शिल्लक होता. त्या कल्पनेपासून या नियमापर्यंत तो कसा पोहोचला, याची हकिकत म्हणजेच त्याचे चरित्र होय.

जन्म आणि बालपण

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात वूल्सथॉर्प नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे २५ डिसेंबर १६४२ रोजी आयझॅक न्यूटनचा जन्म झाला. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी कालगणना चालू होती. आजच्या कालगणनेप्रमाणे ती तारीख ४ जानेवारी १६४३ ही येते. वडिलांचे नावही आयझॅकच होते. ते शेतकरी होते आणि त्यांना स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती. मुलाच्या जन्मापूर्वी तीन महिने ते वारले. मूल अपुऱ्या दिवसांचे व इतके अशक्त होते, की ते जगेल अशी आशा घरात कोणालाही नव्हती.

न्यूटन तीन वर्षांचा असताना त्याची आई हॅना हिने जवळच्या गावातील एका वयस्क धर्मोपदेशकाशी दुसरा विवाह केला. ती नव्या घरी गेली आणि लहानगा आयझॅक आजीपाशी वूल्सथॉर्पलाच राहिला. आई अगदी जवळच्या गावात, परंतु आपल्या घरात नाही, अशा स्थितीत त्याची सात-आठ वर्षे गेली. १६५३ मध्ये सावत्र वडील वारले व आई तीन लहान मुलांना घेऊन परत आली. या काळाचा त्याच्या मनावर खोल परिणाम झाला असावा. पुढील आयुष्यात तो फारसा कोणाजवळ मन मोकळे करीत नसे, टीका सहन करीत नसे आणि झालेला अपमान विसरत नसे.

शाळेतून शेतात, शेतातून शाळेत

बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याला ग्रँथम गावातील शाळेत घातले. तेथे तो क्लार्क नावाच्या औषधविक्रेत्याकडे राहत असे. वर्गात आरंभी त्याने काही चमक दाखविली नाही. त्याचे लक्ष हाताने वस्तू करण्याकडे होते. त्याने छोटी पवनचक्की केली, पाण्यावर चालणारे घड्याळ केले, भिंतींवर सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखविणाऱ्या तबकड्या कोरल्या. पुढे अभ्यासातही त्याने सर्वांना मागे टाकले.

तो सोळा-सतरा वर्षांचा झाला, तेव्हा आईने त्याला शाळेतून काढून घरी आणले. शेतीवाडी सांभाळणारा कोणी तरी हवा होता. थोरला मुलगा, घरची जमीन, मग आणखी शिकून करायचे काय, असा हिशेब आजही अनेक घरांत होतो. परंतु या शेतकऱ्याचे मन शेतात नव्हते. मेंढ्या राखायला पाठविले की हा झाडाखाली पुस्तक उघडून बसे आणि मेंढ्या मोकाट सुटत. ऑक्टोबर १६५९ च्या गावदप्तरात, मेंढ्यांनी केलेल्या नुकसानीबद्दल न्यूटनला दंड झाल्याची नोंद आजही पाहावयास मिळते.

अशा वेळी दोन माणसे मध्ये पडली. एक त्याचा मामा विल्यम आयस्कॉ आणि दुसरे शाळेचे मुख्याध्यापक हेन्री स्टोक्स. या मुलाला विद्यापीठात पाठवा, असा आग्रह दोघांनी आईपाशी धरला. बाहेरगावच्या मुलांना द्यावी लागणारी चाळीस शिलिंगांची फीदेखील सोडण्याची तयारी स्टोक्स यांनी दाखविली, असे सांगतात. आईने अखेर मान्य केले. मुलगा शाळेत परत गेला आणि जून १६६१ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. स्टोक्स यांचे नाव विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात येत नाही, परंतु एका शिक्षकाने एका आईची समजूत घातली नसती, तर वूल्सथॉर्पला आणखी एक नाखूश शेतकरी मिळाला असता, एवढे मात्र निश्चित.

केंब्रिज आणि प्लेगची सुट्टी

आईची परिस्थिती बरी असूनही तिने मुलाला खर्चाला फारसे दिले नाही. त्यामुळे न्यूटनला कॉलेजात सेवेकरी विद्यार्थी म्हणून राहावे लागले. श्रीमंत विद्यार्थ्यांची व अध्यापकांची किरकोळ कामे करायची आणि त्या मोबदल्यात शिकायचे, असा तो प्रकार होता. अभ्यासक्रमात अजून दोन हजार वर्षांपूर्वीच्या ॲरिस्टॉटलचेच राज्य होते. न्यूटनने ते वाचले, परंतु वहीच्या दुसऱ्या भागात तो स्वतःचे प्रश्न लिहू लागला. गॅलिलिओ, केप्लर, देकार्त यांचे विचार त्याने स्वतःच अभ्यासले. गणितही तो बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नाने शिकला.

१६६५ मध्ये तो पदवीधर झाला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्लेगची भयंकर साथ पसरली. विद्यापीठ बंद झाले. न्यूटन वूल्सथॉर्पला परतला आणि मधला थोडा काळ सोडता १६६७ पर्यंत तेथेच राहिला. या सक्तीच्या सुट्टीत त्याने कलनशास्त्राचा पाया घातला, लोलकातून सूर्यप्रकाश पाडून पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग असतात हे पाहिले आणि चंद्राला पृथ्वीभोवती धरून ठेवणाऱ्या कारणाचा विचार सुरू केला.

सफरचंदाची गोष्ट याच काळातली. ते त्याच्या डोक्यावर पडले, ही मागाहून रचलेली कथा आहे. मात्र बागेत फळ पडताना पाहून हा विचार सुचला, असे न्यूटनने म्हातारपणी आपल्या स्टुकली नावाच्या स्नेह्याला १६२६ नव्हे तर १७२६ मध्ये, म्हणजे त्या प्रसंगानंतर साठ वर्षांनी, सांगितले होते. फळाला ओढणारी शक्ती चंद्रापर्यंत पोहोचत असेल काय, हा त्याचा प्रश्न होता. त्याने हिशेब करून पाहिला. पण पृथ्वीच्या आकाराचा हाताशी असलेला आकडा चुकीचा असल्यामुळे मेळ पुरता बसला नाही. शिवाय बल म्हणजे काय, हेच अजून स्पष्ट झालेले नव्हते. कागद बाजूला पडले.

जुनी कल्पना

न्यूटनचे काम किती अवघड होते हे कळण्यासाठी त्याच्या आधीचा विचार पाहिला पाहिजे. ॲरिस्टॉटलचे मत असे, की वस्तू हलती राहण्यासाठी तिला सतत ढकलत राहावे लागते. ढकलणे थांबले की गती थांबते. रोजच्या अनुभवाला हे पटते. हातगाडी ढकलणे सोडले की ती थोड्या अंतरावर थांबतेच. मग हातातून सुटलेला दगड पुढे का जातो? त्याला कोण ढकलतो? या प्रश्नावर विद्वानांनी शतकानुशतके डोके शिणविले.

अकराव्या शतकात होऊन गेलेल्या इब्न सीना याने असे मत मांडले, की फेकणारा वस्तूला एक प्रकारचा कल देतो. त्याला त्याने मैल असे नाव दिले. हवेसारखा अडथळा नसेल तर हा कल आपोआप संपणार नाही, असेही त्याचे म्हणणे होते. बाराव्या शतकातील बगदादचा अबुल बरकात याने पडणाऱ्या वस्तूचा वेग का वाढतो याचा विचार केला. वस्तूचा जडपणा क्षणाक्षणाला नवा कल निर्माण करतो व तो साठत जातो, असे उत्तर त्याने दिले. पुढे युरोपातील पंडितांनीही याच धर्तीचे विचार मांडले. सतराव्या शतकात गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून, पडणाऱ्या वस्तूचा वेग वेळेच्या प्रमाणात वाढतो हे दाखविले. त्याचा ग्रंथ १६३८ मध्ये प्रसिद्ध झाला. अडथळा नसेल तर वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने जात राहील, हे देकार्तने स्पष्ट केले. म्हणजे विटा जमत आल्या होत्या. त्यांची इमारत अजून व्हायची होती.

प्राध्यापक न्यूटन आणि हॅलेची भेट

१६६७ मध्ये न्यूटन ट्रिनिटीचा फेलो झाला. १६६९ मध्ये त्याचे ज्येष्ठ सहकारी आयझॅक बॅरो यांनी गणिताचे प्राध्यापकपद सोडले व ते सव्वीस वर्षांच्या न्यूटनला मिळाले. त्याने आरशाची दुर्बीण स्वतःच्या हातांनी तयार केली. भिंगाऐवजी आरसा वापरल्याने ती वीतभर लांबीची असूनही मोठ्या दुर्बिणीचे काम देई. तिच्यामुळे १६७२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. त्याच वर्षी त्याचा प्रकाशावरील निबंध प्रसिद्ध झाला आणि रॉबर्ट हुक या नामवंत शास्त्रज्ञाने त्यावर टीका केली. न्यूटनला ती इतकी झोंबली, की तो पुढे काही प्रसिद्ध करण्याचेच टाळू लागला.

१६७९ मध्ये आईच्या अखेरच्या आजारात त्याने वूल्सथॉर्पला राहून तिची शुश्रूषा केली. केंब्रिजला परतल्यावर हुकचे पत्र आले. ग्रहाची गती दोन गोष्टींची मिळून होते, असे हुकने सुचविले होते: एक सरळ पुढे जाण्याची गती आणि दुसरी मध्याकडे ओढणारी शक्ती. न्यूटनच्या विचाराला या सूचनेने योग्य दिशा मिळाली, हे आज इतिहासकार मान्य करतात. न्यूटनने गणित सोडविले आणि पुन्हा कागद बाजूला ठेवले.

ऑगस्ट १६८४ मध्ये एडमंड हॅले हा तरुण खगोलशास्त्रज्ञ केंब्रिजला आला. त्याने, हुकने आणि वास्तुशिल्पी ख्रिस्तोफर रेन यांनी त्याच वर्षाच्या आरंभी एका प्रश्नावर चर्चा केली होती. सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर ग्रहाची वाट कोणत्या आकाराची असेल? तिघांपैकी कोणालाही ते सिद्ध करून दाखविता आले नव्हते. हॅलेने न्यूटनला विचारले. न्यूटनने तत्काळ उत्तर दिले, की ती लंबवर्तुळाकार असेल, आणि आपण ते गणिताने काढले आहे. मात्र तो कागद काही सापडेना. पुन्हा मांडून पाठवितो, असे त्याने कबूल केले आणि नोव्हेंबरमध्ये नऊ पानांचा निबंध हॅलेकडे पोहोचला.

या निबंधात एक मौजेची गोष्ट आढळते. वस्तू सरळ रेषेत चालत राहते ती तिच्या अंगच्या बलामुळे, असे न्यूटनने त्यात धरले होते. म्हणजे चालत्या वस्तूत बल भरलेले असते, ही जुनीच समजूत. आजचा विद्यार्थीही नेमकी हीच चूक करतो. निबंधात वस्तुमानाची व्याख्या नव्हती आणि तीन नियमही नव्हते. पुढच्या काही महिन्यांत न्यूटन तो पुन्हा पुन्हा लिहीत गेला आणि प्रत्येक खेपेस व्याख्या बदलत गेला. जेवण समोर येऊन निवून जाई, रात्री उलटून जात. सुमारे दीड वर्षाच्या या परिश्रमांतून नऊ पानांचा तीन भागांचा ग्रंथ झाला. १६८७ च्या जुलैमध्ये तो लॅटिन भाषेत प्रसिद्ध झाला. प्रिन्सिपिया या संक्षिप्त नावाने तो जगाला ठाऊक आहे.

तो छापण्यास रॉयल सोसायटीजवळ पैसे नव्हते. माशांच्या इतिहासावरील एका सचित्र ग्रंथावर तिचा निधी खर्च होऊन गेला होता. हॅले श्रीमंत नव्हता, तरी त्याने छपाईचा खर्च सोसला, मुद्रिते तपासली आणि लेखकाची मर्जी राखली. त्याच सुमारास सोसायटीने हॅलेला त्याच्या पगारापोटी त्या न खपलेल्या मत्स्यग्रंथाच्याच प्रती दिल्या.

दुसरा नियम काय सांगतो?

आता नियमाकडे वळू. वस्तूला ढकलल्याशिवाय ती चालत नाही, असे ॲरिस्टॉटल म्हणे. न्यूटनने प्रश्नच बदलला. गती टिकण्यासाठी बल लागत नाही. गती बदलण्यासाठी बल लागते. उभी वस्तू चालू करणे, चालती थांबविणे, वेग वाढविणे अथवा नुसती दिशा पालटणे, हे सारे गतीतील बदल होत. वेगात दर सेकंदाला होणाऱ्या बदलास त्वरण म्हणतात.

दुसरी गोष्ट वस्तुमान. वस्तूत द्रव्य किती आहे याचे ते माप. जितके वस्तुमान अधिक, तितकी ती वस्तू गतीतील बदलाला अधिक विरोध करते. या विरोधाच्या गुणाला जडत्व म्हणतात. न्यूटनने आपल्या ग्रंथात त्याला अंगचे बल हे जुने नाव ठेवले, परंतु त्याचा अर्थ आता पालटला होता. ते बल वस्तूला चालवीत नाही. बाहेरून बदल घडवू पाहणाऱ्याला तेवढे अडविते.

रिकामी हातगाडी पन्नास किलोग्रॅमची आहे असे समजू. घर्षण तूर्त सोडून देऊ. तिला १०० न्यूटन इतके बल लावले तर तिचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद इतका वाढत जाईल. आता गाडीवर पोती रचून एकूण वस्तुमान २०० किलोग्रॅम केले. बल तेच ठेवले, तर वेगाची वाढ दर सेकंदाला फक्त अर्धा मीटर प्रतिसेकंद होईल. वस्तुमान चौपट, त्वरण पाव. पहिल्याइतके त्वरण हवे असेल तर बल चौपट म्हणजे ४०० न्यूटन लावावे लागेल. सूत्राचा सारा अर्थ एवढ्यात आला.

मग प्रत्यक्षात गाडी एकसारख्या वेगाने नेण्यासाठीही जोर का लावावा लागतो? कारण चाकांचे व रस्त्याचे घर्षण मागे ओढत असते. हमालाचा जोर आणि घर्षण सारखे झाले की एकूण बल शून्य होते आणि वेग आहे तसा राहतो. ॲरिस्टॉटलला हमाल दिसला, घर्षण दिसले नाही.

आणखी एक गोष्ट विद्यार्थी विसरतात. त्वरणाची दिशा बलाची असते, गतीची असेलच असे नाही. गोफणीतला दगड पुढे धावत असतो, परंतु दोरी त्याला हाताकडे ओढत असते. म्हणून तो वळत राहतो. दोरी सुटली की तो सरळ निघून जातो. चंद्राचेही असेच आहे. तो पृथ्वीकडे सतत पडत असतो आणि त्याचबरोबर पुढेही जात असतो, म्हणून तो पृथ्वीभोवती फिरतो.

चंद्र किती पडतो, याचा न्यूटनने आता अचूक हिशेब केला. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे साठपट दूर आहे. ओढ अंतराच्या वर्गाप्रमाणे घटत असेल तर तेथे ती साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० पट कमी हवी. जमिनीजवळ सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडते. चंद्र तेवढाच एका मिनिटात, म्हणजे साठपट वेळात, पृथ्वीकडे वळतो. पडण्याचे अंतर वेळेच्या वर्गाने वाढत असल्याने हिशेब तंतोतंत जुळतो. फळ आणि चंद्र एकाच कायद्याखाली आले.

वजन आणि वस्तुमान

वजन म्हणजे पृथ्वीने वस्तूला ओढण्याचे बल. वस्तुमान म्हणजे द्रव्याचे माप. व्यवहारात आपण दोहोंनाही वजनच म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. न्यूटनच्या काळी एक घटना घडली होती. १६७२ मध्ये झां रीशे नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळील कायेन येथे गेला होता. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक तोच, धातू तोच, द्रव्य तेवढेच. परंतु पृथ्वीची ओढ तेथे किंचित कमी होती. वजन जागेप्रमाणे बदलते, वस्तुमान बदलत नाही, हे यावरून दिसून येते.

पण मग एकाच जागी वजन आणि वस्तुमान यांचे प्रमाण सर्व पदार्थांत सारखेच असते काय? सोन्याला पृथ्वी जास्त ओढत असेल आणि लाकडाला कमी, असे नसेल कशावरून? न्यूटनने हे तपासून पाहिले. त्याने दोन सारख्या आकाराचे लाकडी डबे घेतले आणि ते अकरा फूट लांब दोऱ्यांना टांगले. एकात लाकूड भरले व दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे सोने ठेवले. दोन्ही लंबक एकदम सोडले. मग सोन्याच्या जागी चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, पाणी आणि गहू असे एकेक पदार्थ घेतले. लंबकाला खेचणारे असते वजन आणि त्या खेचण्याला विरोध करणारे असते वस्तुमान. दोहोंचे प्रमाण पदार्थागणिक बदलत असते, तर झोके मागेपुढे झाले असते. ते कितीतरी वेळ बरोबरीने चालत राहिले. हजारात एक भाग इतका फरक असता तरी आपल्याला तो दिसला असता, असे न्यूटनने नमूद केले आहे.

दोन डबे, दोन दोऱ्या आणि मूठभर गहू. कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत मिळावे एवढेच हे साहित्य. परंतु हाच प्रश्न पुढे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताचा आधार ठरला. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा व पीस एकदम सोडले आणि दोन्ही एकाच वेळी जमिनीवर पोहोचले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच उपग्रहाच्या अंतिम निष्कर्षांत तर न्यूटनपेक्षा कोट्यवधी पट सूक्ष्म मोजमापातही फरक आढळलेला नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आज फळ्यावर लिहितो तसे सूत्र न्यूटनने आपल्या ग्रंथात लिहिलेले नाही. त्याने नियम शब्दांत सांगितला आणि सिद्धता भूमितीने दिल्या. त्याच्या भाषेत बल हे गतीच्या परिमाणातील, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यातील, बदलाशी प्रमाणात असते. १७१६ मध्ये याकोब हेरमान या स्विस गणितज्ञाने कलनाच्या भाषेत तशी मांडणी केली आणि १७५० मध्ये ऑयलरने बर्लिनच्या अकादमीपुढे हे समीकरण सर्व यंत्रशास्त्राचा पाया म्हणून ठेवले. बलाच्या एककाला न्यूटन हे नाव १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने दिले. एक किलोग्रॅम वस्तुमानाला दर सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद इतका वेग वाढवून देणारे बल म्हणजे एक न्यूटन.

उत्तरायुष्य

ग्रंथ छापला जात असतानाच कटुता उत्पन्न झाली. ओढीच्या नियमाचे श्रेय आपल्यालाही मिळावे, असे हुकने म्हटले. न्यूटन इतका संतापला, की ग्रंथाचा तिसरा भागच आपण मागे घेऊ, असे त्याने हॅलेला कळविले. हॅलेने मोठ्या शहाणपणाने समजूत घातली. तिसरा भाग वाचला, पण त्यातील हुकचे उल्लेख न्यूटनने शक्य तितके कमी करून टाकले. हुकची सूचना मोलाची होती आणि तिची सिद्धता न्यूटनची होती. दोन ओळींत हे कबूल करता आले असते. तेवढे औदार्य त्याला दाखविता आले नाही.

१६९३ मध्ये त्याला मानसिक आजाराने ग्रासले. झोप उडाली आणि जुन्या स्नेह्यांवर तो भलते आरोप करू लागला. त्यातून तो सावरला. १६९६ मध्ये लंडनच्या टांकसाळीत अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली व पुढे तो तिचा मुख्य झाला. जुनी झिजलेली, कडा कातरलेली नाणी गोळा करून नवी पाडण्याचे काम त्याने चोख पार पाडले आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांचा कठोरपणे पाठलाग केला. १७०३ मध्ये हुक वारला. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि १७०४ मध्ये प्रकाशावरील ग्रंथ त्याने प्रसिद्ध केला. १७०५ मध्ये राणी ॲन हिने त्याला सर हा किताब दिला.

कलनशास्त्र प्रथम कोणी शोधले, यावरून जर्मन विद्वान लायब्निट्झ याच्याशी त्याचा दीर्घ वाद झाला. रॉयल सोसायटीने नेमलेल्या समितीने १७१२ मध्ये न्यूटनच्या बाजूने निवाडा दिला. पण तो निवाडा बव्हंशी न्यूटननेच लिहिलेला होता. दोघांनी ते शास्त्र स्वतंत्रपणे शोधले होते, असे आज मानले जाते. ज्याने निसर्गातील बलांचा निवाडा इतक्या निःपक्षपातीपणे केला, त्याला स्वतःच्या प्रकरणात तसे राहता आले नाही. थोर माणसांचे चरित्र वाचताना हेही झाकून ठेवू नये.

त्याने विवाह केला नाही. २० मार्च १७२७ रोजी, म्हणजे नव्या गणनेने ३१ मार्चला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी तो निधन पावला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचे मोठ्या सन्मानाने दफन झाले. सही न येणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाची शवपेटी उमरावांनी वाहून नेली.

ग्रंथाचा प्रवास मात्र थांबला नाही. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले या विदुषीने त्याचे फ्रेंचमध्ये भाषांतर केले. १७४९ मध्ये ती बाळंतपणानंतर वारली. मृत्यूपूर्वीच तिने काम पुरे केले होते आणि पूर्ण भाषांतर १७५९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या देशात अठराव्या शतकाच्या अखेरीस अवधच्या नवाबांच्या सेवेत असलेले लखनौचे विद्वान तफज्जुल हुसेन खान यांनी या ग्रंथाचे अरबीत भाषांतर केले.  राज्ये डळमळीत झालेल्या त्या काळात, दूरच्या देशातील इतका अवघड ग्रंथ समजून घेऊन आपल्या विद्यार्थ्यांच्या भाषेत आणावा, ही तळमळ एका हिंदी माणसाला होती, याची आठवण आपण ठेवली पाहिजे.

प्रकाशाच्या जवळपास जाणारे वेग आणि अणूच्या पोटातील घडामोडी यांना न्यूटनचे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे विसाव्या शतकाने दाखविले. तरीही पूल बांधणारा अभियंता, जहाज हाकणारा कप्तान आणि उपग्रह सोडणारा शास्त्रज्ञ आजही त्याच सूत्राने हिशेब करतात.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी ते सूत्र वहीत लिहाल तेव्हा क्षणभर थांबा. त्यातील बल म्हणजे नेमके काय हे उमगायला त्याच्या कर्त्याला वीस वर्षे लागली आणि तेही आपले लिहिलेले पुन्हा पुन्हा खोडल्यावर. तुम्हाला ते पहिल्या तासाला समजले नाही, तर वही मिटू नका, प्रश्न विचारा. आणि ज्या घरात एखादा मुलगा अथवा मुलगी शाळा सोडून कामाला लागण्याच्या बेतात आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी ग्रँथमच्या त्या मुख्याध्यापकांना आठवावे. थांबलेली वस्तू आपोआप हलत नाही. तिला बाहेरून बल लागते. हा नियम न्यूटनने पुढे जगाला सांगितला, परंतु त्याचा अनुभव त्याने सतराव्या वर्षी स्वतःच घेतला होता.